नऊ बोटांचा व्हिसा

हे सगळं ठरलं दिवाळीच्या पाडव्याला, सुमनआत्याच्या ओसरीवर, जेवण अंगावर आलेलं असताना. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. वय एकसष्ट, गाव निफाडजवळ, तीन एकर द्राक्षबाग. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, सुपारी कातरता कातरता म्हणाले, की बागेचं वय झालं, एकरी उतारा घटला, या वर्षीचा माल निघाला की एप्रिलमध्ये ट्रॅक्टर लावून बाग काढायची. आत्या भांडी आवरत होती. ती हातातलं पातेलं तसंच धरून ओसरीवर आली.

"अठरा वर्सं माल परदेशात जातोय," ती म्हणाली. "कुठं जातो, कोण खातं, मला काय बी माहीत नाय. एकदा मला खाणारं तोंड बघू द्या, मग काढा बाग. तोवर ट्रॅक्टर बांधावर बी आणायचा नाय."

सगळे हसले. मी तर लोळून हसले आणि त्याच भरात बोलून गेले, "चल आत्या, मी नेते तुला!" मला वाटलं, ती पण हसेल. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी?"

ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी सांगते. मी नाशकात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. वर्षाची रजा साठवून एक ट्रिप करते आणि मग वर्षभर तुम्हाला पिडते. आतापर्यंत नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस झालं. यात माझी हुशारी काही नाही. आपला निळा पासपोर्ट बघून जे देश फार भुवया उंचावत नाहीत तेच मी निवडत आले. युरोपचं नाव काढलं की मी कागदांची यादी वाचायची आणि गपचूप लॅपटॉप मिटायची. आता मात्र आत्यानं विचारलं होतं, कधी. आणि आत्याला दिलेला शब्द मोडणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

आत्याकडे पासपोर्ट होता, ही पहिली चांगली बातमी. पाच वर्षांपूर्वी गावच्या बायकांबरोबर नेपाळला देवदर्शनाला जाताना काढलेला. नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागतच नाही हे तिला तिथं पोचल्यावर कळलं. पासपोर्ट कोराच राहिला, नव्या पुस्तकाच्या वासासकट.

माल कुठं जातो हे निर्यातदाराकडून कळलं: नेदरलँड्स. मग मी व्हिसाची यादी उघडली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण, विमा, जाण्यायेण्याचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, दिवसागणिक कार्यक्रम, नोकरीवरून रजेचं पत्र. या सगळ्याचा मथितार्थ एकच, तुम्ही परत येणार हे सिद्ध करा. नव्वद युरो फी, आपले नऊ हजारांच्या वर, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. आत्याच्या शेजारच्या भाऊसाहेबांना मागच्या वर्षी नकार आला होता. कारण असं लिहिलं होतं, की मुदत संपण्याआधी परत येण्याचा तुमचा हेतू खात्रीचा वाटत नाही. भाऊसाहेब कोण, तर सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातून रात्री उठून परत आलेला माणूस, कारण म्हशीची धार चुकत होती.

आत्यानं ती यादी माझ्याकडून मराठीत ऐकली आणि तिला राग नाही आला, गंमत वाटली. "मंजे द्राक्षासारखंच हाय की," ती म्हणाली. खरंच होतं ते. तिच्या प्लॉटची नोंदणी असते, मण्यात औषधाचा अंश राहिलाय का याची प्रयोगशाळेत तपासणी होते, प्रत्येक पेटीवर प्लॉटचा नंबर असतो, आणि मगच पेटी बोटीत चढते. फरक इतकाच, की परत येण्याची हमी द्राक्षांकडे कोणी मागत नाही.

कागद जमवायला दीड महिना गेला आणि तो दीड महिना आम्ही इतकं हसलो की काय सांगू. आयकराचं विवरण नाही, कारण उत्पन्न शेतीचं. मग सातबारा काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर नाशकात शालिमार चौकात करून घेतलं. फोटोला गेलो तर नियम असा की हसायचं नाही. आत्याला हसायचं नाही म्हटलं की जास्तच हसू येतं. अकरा फोटो वाया गेले. बाराव्या वेळी फोटोग्राफर कंटाळून म्हणाला, "मावशी, गारपिटीचा विचार करा." तो फोटो पास झाला.

आणि रजेचं पत्र! शेतकरणीला रजा कोण देणार? मी म्हटलं, ते सोडून देऊ. मामा म्हणाले, सोडायचं कशाला, यादीत आहे ना? त्यांनी वहीचा कागद फाडला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सौ. सुमन या माझ्या बागेत गेली अठरा वर्षे कामास असून त्यांना दहा दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे. रजा संपताच त्यांनी कामावर हजर व्हावे.' खाली सही. आत्यानं वाचलं. "माझ्या बागेत?" ती म्हणाली. मामांनी निमूटपणे 'माझ्या' खोडून 'आमच्या' केलं. पत्र भाषांतरासकट फाइलला लावलं.

अपॉइंटमेंट मिळाली जानेवारीच्या सुरुवातीला, मुंबईच्या व्हिसा केंद्रात. तुम्ही जाणार असाल तर तारीख आधी बघा, बाकी सगळं नंतर. रात्री बारानंतर नवीन तारखा दिसतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी आठ रात्री जागले आणि शेवटी मिळाली ती दुपारी अडीचला, दवाखान्यात एका काकांची दाढ काढणं चालू असताना. मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की काका भूल उतरायच्या आतच उठून बसले.

नाशिकहून मुंबई नाक्यावरून शेअर टॅक्सी केली. इगतपुरीनंतर समृद्धीचा बोगदा लागतो, आता कसाऱ्याचा घाट उतरायला लागत नाही. बोगदा आठेक मिनिटं चालतो. आत्यानं त्या आठ मिनिटांत ड्रायव्हरची जमीन, पीक आणि मुलीचं स्थळ एवढं काढून घेतलं.

काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती, बोलण्यावरून लातूरकडची. फाइल चाळता चाळता तिनं विचारलं, "कशासाठी जाताय मावशी?"

आत्याला मी घोकून घेतलं होतं, पर्यटन म्हण. आत्या म्हणाली, "माल बघायला."

मुलीची बोटं थांबली. "माल म्हणजे? मग हा बिझनेस व्हिसा होतो. तिकडच्या कंपनीचं निमंत्रण लागेल."

मी टेबलाखालून आत्याला चिमटा काढला आणि म्हटलं, "नाही हो, ट्यूलिपची फुलं बघायला."

"फुलं?" आत्या माझ्यावरच उखडली. "नाशकात फुलांची काय कमी हाय का? खोटं कशाला बोलू बाई? मी लावलेली द्राक्षं तिकडच्या दुकानात बघायची, कोन खातं ते बघायचं आन् माघारी यायचं. विकायचं नाय, घ्यायचं नाय."

मुलीनं सातबाऱ्याचं भाषांतर उलटून बघितलं. मग म्हणाली, "दुकानात जाऊन द्राक्षं बघणं हे पर्यटनच झालं मावशी." तिनं पर्यटनावर खूण केली, पुढचा कागद उलटला आणि खाली मामांचं रजेचं पत्र निघालं. तिनं ते दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे वळवून शेजारच्या काउंटरवरच्या मुलाला वाचायला दिलं. आम्ही जिंकलो असं मला त्या क्षणी वाटलं.

मग बोटांचे ठसे द्यायला आत बोलावलं. आधी चार बोटं, मग दुसरी चार, मग अंगठे. आत्यानं चार बोटं काचेवर ठेवली. पडद्यावर काहीच नाही. पुसून ठेवली. काहीच नाही. जोरात दाबली, हळू ठेवली, फुंकर मारून ठेवली. पडद्यावर चार पांढरे गोळे, त्यात रेघ म्हणून नाही. नोव्हेंबर-डिसेंबरभर घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मधल्या दिवसांत कांद्याची लागवड. तिच्या बोटांवर रेघा शिल्लकच नव्हत्या. नेपाळच्या वेळी पासपोर्टला उमटल्या होत्या का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पंधरा दिवस हाताला आराम द्या, व्हॅसलीन लावा, परत या.

"आराम?" आत्यानं असं विचारलं की जणू त्यांनी तिला पोहायला सांगितलं होतं.

पुढचे दिवस आत्या बाजेवर बसली. हे वाक्य मी किती सहज लिहिलं! गावातून माणसं बघायला आली. बागेत काम करणाऱ्या बायका जाता-येता विचारायच्या, "आत्याबाई, बरं नाय का?" मामा भाकरी करायला शिकले. पहिली भाकरी त्यांनी कुत्र्याला घातली, आणि कुत्रं ती तोंडात धरून गावभर फिरलं.

आता माझा गाढवपणा. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मी नाशकातून गेले होते. चाळीस बायका जमल्या होत्या. आत्या परदेशी निघाली, हात रिकामे आहेत, मऊ झालेत, कोणीतरी म्हणालं, मेंदी काढा की! मी पर्समधून कोन काढला. हो, मीच. नियमांची यादी मला तोंडपाठ, विम्याची रक्कम पाठ, फोटोचं माप पाठ, आणि मी माझ्या हातानं आत्याच्या दहाही बोटांची टोकं मेंदीनं गच्च भरली. मामा लाजून बाहेर गेले. रंग असा चढला की सगळ्या बायका म्हणाल्या, नवऱ्याचं लय प्रेम हाय बाई.

दुसऱ्या फेरीत मुंबईला स्कॅनरवर आत्यानं बोटं ठेवली आणि पडद्यावर या वेळी चार काळे गोळे आले. साहेबांनी डोळे मिटले. काउंटरवरची लातूरची मुलगी धावत आली, तिनं आत्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "मावशी, कुणी केलं हे?" आत्यानं माझं नाव सांगितलं नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. ते जास्त लागलं.

परतीच्या टॅक्सीत मी रडले. चेष्टेवर नेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पुढची तारीख मिळाली होती फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारची. त्याच आठवड्यात बागेचा खुडा, म्हणजे घड तोडायचं काम, सुरू होणार. तेव्हाही ठसे उमटले नाहीत तर पुढची तारीख थेट एप्रिलअखेरची, आणि तोवर आत्याचा माल खाल्ला जाऊन संपलेला. पुढच्या वर्षी बागच नाही. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "नीलू, रंग मात्र झ्याक चढला हां." आणि आम्ही दोघी पार घोटीपर्यंत हसत राहिलो, डोळे पुसत.

मेंदी काढायची तर घासायला हवी, आणि घासली तर नुकत्या उगवलेल्या रेघा जाणार. लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट नको. काहीच करायचं नाही. मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि आत्या कॅमेऱ्यासमोर दहा बोटं धरायची. मामा मागून प्रगतीचा अहवाल द्यायचे, "करंगळी सुटली. अंगठा अजून लाल हाय." खुड्याच्या तयारीला सगळं गाव लागलं होतं आणि बागेची मालकीण हात पुढे करून बसली होती. असं बसणं तिला किती जड गेलं असेल हे मला आता लिहिताना कळतंय. तेव्हा मी नुसते दिवस मोजत होते.

तिसरी फेरी. डावी चार बोटं आली. उजवी चार आली. डावा अंगठा आला. उजवा अंगठा येईना. कात्रीचा अंगठा तो, अठरा वर्षं कात्रीच्या कडीत घातलेला. सहा वेळा ठेवला. साहेबांनी मान वर करून बघितलं, आत्यानं नजर खाली वळवली. मग ते म्हणाले, "नऊ आली. दहावं उमटत नाही अशी नोंद करतो. तशी सोय असते." अशी सोय असते! सव्वा महिना मला कोणी हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तेव्हा मंडळी, कोणाच्या घरी अशी कामानं झिजलेली बोटं असतील तर आधीच विचारून ठेवा. आणि मेंदी, बाई गं, मेंदी लांब ठेवा.

अठरा दिवसांनी पासपोर्ट आला. व्हिसा एका फेरीचा, जेवढे दिवस मागितले तेवढेच. मी दवाखान्यात नाचले, डॉक्टरांनी पेढे मागवले. दातांच्या दवाखान्यात पेढे! आत्याला फोन केला तर ती बागेत होती, शेवटच्या ओळीचा खुडा चालू होता. "बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच पुन्हा कात्री चालवायला लागली.

मार्च संपताना निघालो. मुंबईहून ॲमस्टरडॅमला थेट विमान, नऊ-दहा तास. आत्याच्या पिशवीत थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट आणि कागदपत्रांच्या तीन झेरॉक्स. विमानात जेवणाबरोबर द्राक्षं आली, चार मणी. आत्यानं एक मणी दिव्याकडे धरून बघितला आणि म्हणाली, "पाणी जास्त झालंय." खाल्ला मात्र.

विमानतळावर खिडकीतल्या उंच गोऱ्या साहेबानं पासपोर्ट बघितला आणि स्कॅनरकडे बोट दाखवलं. पुन्हा बोटं! आत्यानं अगदी सराईतपणे चार बोटं काचेवर ठेवली आणि पहिल्या फटक्यात दिवा हिरवा झाला. साहेबानं इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "ग्रेप्स. सी. गो बॅक." इतकं नेमकं इंग्रजी मी आजवर ऐकलेलं नाही. साहेब हसला आणि आम्ही आत.

आम्ही हेगमध्ये राहिलो. ॲमस्टरडॅमपेक्षा खोली स्वस्त पडते आणि ट्राममध्ये आपलंच बँकेचं कार्ड टेकवून फिरता येतं. उतरताना पुन्हा टेकवायला विसरू नका, मी विसरले आणि जास्तीचे पैसे गेले. वारा असा की आत्यानं साडीवर माझं जाकीट, त्यावर मामांचा मफलर आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज घातले. पहिल्या दिवशी रॉटरडॅमला बंदरात बोटीची सहल केली. डोंगराएवढ्या बोटी, त्यावर कंटेनरच्या चळती. आत्यानं हात जोडले. "यातनं आली असतील गं," ती म्हणाली. बाकीच्या प्रवाशांना वाटलं, ही बाई समुद्राची पूजा करते. एका जोडप्यानंही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ट्यूलिप. झाले एकदाचे. आत्या वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून माती बघत होती.

तिसऱ्या दिवसापासून शोध सुरू. सुपरमार्केटमध्ये अर्ध्या किलोचे प्लॅस्टिकचे डबे मिळाले, वर भारताचं नाव, किंमत अडीच-तीन युरो. रुपयांत हिशोब करायचा नाही असं आत्या ठरवूनच आली होती. पण तिथं लोक डबा उचलतात, टोपलीत टाकतात आणि निघून जातात. खात कोणी नाही. आत्या द्राक्षांच्या फळीपाशी अर्धा तास उभी राहिली. सुरक्षारक्षक येऊन विचारून गेला, काही मदत हवी का. "खाणारं तोंड पायजे," आत्या मला म्हणाली. मी त्याला सांगितलं, नको, आभारी आहे.

चौथ्या दिवशी हेगचा मोठा उघडा बाजार. तिथं सगळं आहे: मासे, कापड, मिरच्या, कोथिंबीर, ओरडणारे विक्रेते. आत्या एकदम आपल्या घरी आल्यासारखी चालायला लागली. आणि एका गाड्यावर आमच्याकडच्या पेट्या! पुठ्ठ्यावर छापलेला भारत, महाराष्ट्र आणि खाली प्लॉटचा नंबर. आत्यानं चष्मा लावला, बोट ठेवून आकडे वाचले. जिल्हा बरोबर. पुढचे दोन आकडे आले आणि तिचं बोट थांबलं.

"तालुका दिंडोरीचा हाय," ती म्हणाली. "माझी नव्हं."

आम्ही त्या दिवशी बाजारातला प्रत्येक गाडा बघितला. तिचा नंबर कुठंच नव्हता. तिचा माल येऊन, खाऊन संपला होता की अजून बोटीवर होता, कोण सांगणार. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. आत्या म्हणाली, "असू दे, पाय दुखले, बस आता." आम्ही ट्रामच्या थांब्यावर बाकावर बसलो.

शेजारी एक म्हातारी बसली होती, पंचाहत्तरीची असेल, पायाशी दोन चाकांची पिशवी. तिनं पिशवीतून कागदी पुडा काढला, त्यातून द्राक्षांचा घड उचलला आणि तिथंच, ट्रामची वाट बघत, एक एक मणी तोडून खायला लागली. आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"नीलू. खातीय."

"बघतेय."

"धुतली नाय गं तिनं! सांग की तिला!"

मी काय सांगणार, मला हसू आवरेना. म्हातारीनं दोन बायकांना आपल्या तोंडाकडे टक लावून बघताना बघितलं. कोणीही उठून गेलं असतं. ही बाई हसली आणि तिनं घड आमच्यापुढे धरला.

आत्या तो घ्यायला तयार होईना. तिचं कारण मला माहीत होतं. निर्यातीचा घड आमच्या घरात कधी कोणी खाल्लेला नाही. पेटीत भरायचा तो घड आणि घरी खायचे ते गळलेले, सुटे, वाकडे मणी. बागेत वाढलेल्या मुलांनासुद्धा हे सांगावं लागत नाही, हात आपोआप सुट्या मण्यांकडे जातो. आत्यानं मणी तोडला, तोही घडाच्या अगदी टोकाचा, छोटा. म्हातारीनं मान हलवली, वरचा एक टपोरा मणी तोडला आणि आत्याच्या तळहातावर ठेवला. आत्यानं तो तोंडात टाकला. चावायच्या आधी तिचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि म्हातारी घाबरून विचारायला लागली, आंबट आहे का?

मी इंग्रजीत सांगितलं, की ही माझी आत्या, ही द्राक्षं पिकवते. म्हातारीनं पुड्याकडे बोट दाखवून विचारलं, ही? मी आत्याला विचारलं. आत्यानं डोळे पुसले. "खोटं नाय बोलायचं. पुडा त्या गाड्यावरचाच हाय, ही दिंडोरीची हायत."

मी ते सांगितलं. म्हातारी खूप गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, चांगली आहेत ही, पण मागच्या आठवड्यात याच बाजारातून नेली होती ती जास्त गोड होती.

हे मराठीत सांगितल्याबरोबर आत्या ताठ बसली. "मंग मागच्या आठवड्यातली माझी असतील," ती म्हणाली, आणि तिघी इतक्या हसलो की ट्राम येऊन निघून गेली. आमची ट्राम दुसरी होती, ती नंतर मिळाली. गेलेली मात्र म्हातारीची होती, दर अर्ध्या तासानं येणारी. तिनं त्याचंही काही वाटून घेतलं नाही, आणखी एक घड काढला.

मुंबईला उतरलो तर भारतीय पासपोर्टची रांग झरझर सरकली. खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट बघितला आणि परत दिला. आत्या जागची हलेना.

"साहेब," ती म्हणाली, "मी माघारी आले हे तिकडं कळवाल का? त्यांना लय काळजी होती."

तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "कळतं मावशी त्यांना. जा तुम्ही." आत्या समाधानानं निघाली. मी मागे राहून त्याला उगाच थँक्यू म्हटलं.

तुम्ही विचाराल, जावं का? जा. कागद तीन महिने आधी सुरू करा, सातबारा असेल तर लावा, विचारतील ते खरं सांगा. हे मी आत्याकडून शिकले, कारण मी सुचवलेलं खोटं कुठल्याच खिडकीत कामाला आलं नाही. माझ्यापाशी काय उरलं म्हणाल तर चारशे फोटो, त्यांतले निम्मे आत्याच्या बोटांचे, आणि थोडी शरम. इतकी वर्षं मी देश निवडत होते ते कोण आपल्याला सहज आत घेतं हे बघून. आपल्याला काय बघायचंय हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर आठव्या दिवशी मी निफाडला गेले. ट्रॅक्टर बांधावर उभा होता, सकाळचे नऊ वाजले होते. मला धास्ती वाटत होती, म्हणून सुट्टी काढून गेले होते. मामा विहिरीपाशी उभे होते. ड्रायव्हर ओळखीचा होता, तोही इंजिन सुरू न करता आत्याकडे बघत बसला होता. आत्या पहिल्या ओळीपाशी गेली. वेलीच्या बुंध्यावर हात फिरवला, एक सुकलेली काडी मोडून बाजूला टाकली आणि बांधावर परत आली.

"कर चालू," ती म्हणाली. "मी बघून आले."